बोंडांतील अळी व तंबूखालचें सोनें

(वाचावयाचा भाग: यहोशवा, अध्याय 7; स्तोत्रसंहिता 32)



वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या भागांत ज्यांनीं कापूस केला आहे, त्यांस गुलाबी बोंडअळी म्हणजे काय हें सांगावयास नको. दुसऱ्या अळ्या पानें खातात. त्या दिसतात, व दिसल्या म्हणजे शेतकरी उपाय करितो. हिची गोष्ट निराळी. फुलावर किंवा कोंवळ्या बोंडावर घातलेल्या अंड्यांतून ती निघते, लवकरच बोंडांत शिरते, आणि जेथून ती शिरली तें बारीक छिद्र मागून बुजून जातें. बोंड हिरवें राहतें, टणक राहतें. बांधावरून जाणारा म्हणतो, यंदा पऱ्हाटी झकास आहे! आंत मात्र सरकी पोखरली जात असते व रुईला डाग पडत असतात. वेचणीच्या दिवशीं बोंड अर्धवट उमलतें, आणि हातांत कापसाऐवजीं कवडी येते.

यहोशवाच्या पुस्तकांतील आखानाची गोष्ट वाचतांना आम्हांस हें बोंड आठवतें. यरीहो नगर पडलें तेव्हां तेथील सर्व वस्तु परमेश्वराच्या ठरल्या होत्या. आखानानें त्यांतून एक सुंदर शिनारी झगा, 200 शेकेल रुपें व 50 शेकेल वजनाची सोन्याची वीट घेतली आणि तीं आपल्या तंबूखालीं जमिनींत पुरलीं. वरून तंबू जसाच्या तसा होता. पुढें आय नांवाच्या लहानशा नगरावर सुमारें 3000 माणसें चालून गेलीं आणि पळून आलीं. सुमारें 36 जण मारले गेले. त्या 36 जणांपैकीं एकानेंहि तें सोनें पाहिलें नव्हतें. पाप आखानाचें, आणि बायका विधवा झाल्या दुसऱ्यांच्या घरीं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अगोदर वंश पुढें आला, मग कूळ, मग घराणें, मग एकेक पुरुष. आखानास बोलावयास पुष्कळ वेळ होता. नांव निघेपर्यंत तो उभा राहिला, व नांव निघाल्यावर कबूल झाला. पकडलेला मनुष्य कबूल होतो त्यास पश्चात्ताप म्हणावें काय, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां आम्हांस आमच्याविषयीं लिहिणें भाग आहे. तें छापावें कीं नाहीं याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला.

बी. टी. कापूस आपल्या देशांत 2002 सालीं आला, व दोन जनुकांचें बियाणें 2006 सालीं. त्यानें ही अळी मरत असे. पुढें तिला तें पचूं लागलें, आणि 2017 च्या हंगामांत विदर्भांत अतोनात नुकसान झालें. कारणें अनेक होतीं. डिसेंबरनंतरहि फरदड राखून अळीला खाद्य पुरविणें हें एक. दुसरें असें कीं, 450 ग्रॅम बी. टी. बियाण्याबरोबर 120 ग्रॅम साध्या बियाण्याचें निराळें पाकीट मिळत असे. तें शेताच्या कडेनें पेरावें, म्हणजे त्या झाडांवर विषाची संवय न लागलेल्या अळ्या जगतात, विष पचविणाऱ्यांशीं त्यांचा संकर होतो, व नवी पिढी पुन्हां औषधाला बळी पडते, असा त्यांतील हेतु. (दृष्टांत फार ताणूं नये. पापास चरावयास मुद्दाम कुरण राखावें असें आम्ही सांगत नाहीं.)

आमचें थोडें वडिलोपार्जित शेत आहे. त्या सालीं आम्हीं तें पाकीट पेरलें नाहीं. ज्या झाडांवर अळी पडणारच त्यांसाठीं जमीन कां अडवावी, असा हिशेब करून तें माळ्यावर टाकलें. बोंडें उमलेनात तेव्हां पाहणीस कोणी आले व त्यांनीं सर्वांदेखत विचारिलें, कडेच्या ओळी लावल्या होत्या काय? आम्ही ‘होय’ म्हणालों. शेजारचे वयस्क शेतकरी बांधावर उभे होते; त्यांचें नुकसान आमच्याहून अधिक झालें होतें. कोणाचा पतंग कोणाच्या शेतांत गेला हें परमेश्वरासच ठाऊक. पुढच्या रविवारीं आम्हीं सचोटीविषयीं उपदेश केला, आणि मंडळीनें ‘आमेन’ म्हटलें.

एवढेंसें पाकीट आणि एवढासा शब्द! परंतु प्रार्थनेस बसलों कीं माळा आठवे, म्हणून प्रार्थना आंखूड होऊं लागली. पुढें मंडळीच्या हंगामी अर्पणाच्या हिशेबांत तफावत आली. हिशेब ठेवणाऱ्या भावास जवळ बसवून प्रेमानें विचारणें हें आमचें काम होतें; आमची जीभ उचलली नाहीं. तफावत वाढली, लोकांत कुजबूज झाली, आणि शेवटीं तें कुटुंब उपासनेस येईनासें झालें. वेळेवर एक शब्द मिळाला असता तर तो मनुष्य कदाचित् सांवरला असता. आमच्या झाकलेल्या पापानें आम्हांस मुकें केलें, व त्या मुकेपणाची किंमत दुसऱ्यानें भरली. दाविदानें 32 व्या स्तोत्रांत आपल्या गप्प राहण्याविषयीं व हाडें झिजण्याविषयीं जें लिहिलें आहे, तें आम्ही लहानपणापासून पाठ म्हणत आलों. त्याचा अर्थ आम्हांस तेव्हां समजला.

मराठी मुलखांतील मंडळ्यांनीं याच्या उलट गोष्टहि पाहिली आहे. 1905 सालच्या आरंभीं केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं मुलींस संजीवनासाठीं प्रार्थना करावयास बोलाविलें. पहिल्यानें सुमारें 70 जणी जमत. जूनपर्यंत ती संख्या 550 वर गेली. जूनच्या अखेरीस जें झालें त्याची आरंभींची खूण म्हणजे मुलींचें रडणें व आपापलीं पापें उघड कबूल करणें. दुष्काळांतून वांचविलेल्या, जगांत ज्यांचें कोणी नव्हतें, अशा मुली त्यांत होत्या. कबूल केल्यानें आपली अब्रू जाईल हें भय त्यांसहि असेलच. कोणी आधीं तोंड उघडलें म्हणजे दुसरीस धीर येतो. मौन जसें पसरतें तशी कबुलीहि पसरते.

विश्वासूपणाचेंहि असेंच आहे. तोहि बहुधा कोणास दिसत नाहीं. पोटीफराच्या घरांत योसेफ एकटा होता. मोंढ्यांत खरें माप घालणारी बहीण, सांपडलेले पैसे परत नेऊन देणारा मजूर, यांचीं नांवें या पत्रांत छापून येत नाहींत. कडेच्या त्या ओळींपासून उत्पन्न थोडें, त्या किडतात, मालकास तोटा दिसतो. आणि तरी त्यांच्या योगानें सबंध शिवार उभें राहावयाचें असतें.

गेल्या वर्षीं मृगापूर्वीं आम्ही त्या शेजाऱ्यांकडे गेलों. ते आपल्या प्रभूस मानणारे नाहींत. त्यांच्यापुढें लहान होणें आम्हांस अधिक जड गेलें, हेंहि कबूल करितों. सर्व सांगितलें. ते बराच वेळ हातांतील दोर वळीत बसले. मग म्हणाले, “पाळकसाहेब, म्या तरी कुठी पेरलं ते पाकीट? अजून घरातच पडून हाये.”

तेथून आम्ही थेट त्या हिशेब ठेवणाऱ्या भावाच्या घराकडे निघालों. अंगणांत त्याची आई ज्वारी निवडीत होती. तिनें आम्हांस पाहिलें, सूप खालीं ठेविलें, आणि आंत वळून मुलास हांक मारिली.