टंचाई गेली कुठे?

दोन काळांची तुलना करायला बसले की आपण बहुतेक वेळा वस्तू मोजतो. १९७० च्या दशकात जिंतूर तालुक्यातल्या बहुतेक खेड्यांत दिवस मावळला की चिमण्या आणि कंदील लागत, चूल पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटे, परभणीला जायचे तर एसटीची वाट पाहावी लागे आणि तार आली की घरात आधी रडारड सुरू होई, मग ती वाचली जाई. आज त्याच गावांत वीज आहे (जाते, पण आहे), उज्ज्वलाचा सिलिंडर पोचला आहे, दारात मोटारसायकल आहे आणि नातवाच्या हातात मोबाइल. ही यादी वाचून एक पक्ष म्हणतो, किती पुढे आलो. दुसरा म्हणतो, माणसे तेव्हाच सुखी होती. अमेरिकेतही हाच वाद अनेक वर्षे चालू आहे. एका पगारात घर चालायचे त्या दिवसांची तिथे हळहळ आहे, आणि त्या घरात काय काय नव्हते ते दाखवून देणारेही आहेत. त्या वादातून एक गोष्ट मात्र निष्पन्न झाली आहे. तिथे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक वस्तू स्वस्त झाल्या. दवाखाना, कॉलेज आणि घर महाग झाले. जिंतूरलाही हे निरीक्षण लागू पडते, पण ते अपुरे आहे. माझे म्हणणे असे की इथली टंचाई संपलेली नाही, तिने मुक्काम हलवला आहे. तेव्हा ती धान्याची होती आणि चारचौघांत होती. आज ती ऐनवेळच्या पैशाची आहे आणि ज्याच्या त्याच्या घरात कडी लावून बसली आहे.

१९७२ च्या दुष्काळाकडे या नजरेने पाहावे. त्याआधीची सालेही तुटीचीच होती; बाहत्तरला पावसाने पाठच फिरवली. मराठवाड्यातली माणसे, त्यांत बाया निम्म्याहून कमी नसतील, खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला, रस्त्याच्या कामाला गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबूस मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना अडायची, पण तिच्यावर लोक जगले. खुद्द अमेरिकेत त्याच वर्षी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोल पंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या. सुबत्तेच्या देशालाही रांग चुकली नाही, एवढाच त्याचा इथे संबंध. महत्त्वाचे हे की खडीच्या ढिगाशी बसलेल्या माणसाला आपली भूक लपवता येत नव्हती आणि सरकारलाही ती नाकारता येत नव्हती. हजेरीपटावर नावे होती, रस्त्याकडेला माणसे होती, मोर्चे निघत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना या दबावाखाली राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि मागेल त्याला काम हे तत्त्व पुढे २००५ मध्ये दिल्लीने उचलले. टंचाई डोळ्यांना दिसत होती म्हणून तिच्यावर सार्वजनिक उत्तर निघाले.

चांगल्या सालाची गोष्ट वेगळी, आणि ती सांगायला पेव समोर आणावे लागते. काळ्या-मुरमाड जमिनीत माणूसभर खोल खड्डा, आतून कडबा आणि भुसकट यांचे अस्तर, वर मातीने लिंपलेले तोंड. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा, आणि तो विझला तर अजून थांबायचे, कारण आतल्या कोंडलेल्या हवेने माणसे दगावत. त्या ज्वारीला उग्र वास येई, पण ती टिके. पेव असलेल्या शेतकऱ्याला व्यापारी दर पाडून सांगू लागला तर तो धान्य घरी ठेवू शकत होता आणि निदान खाऊ शकत होता. कडबा जनावरांना, पऱ्हाट्या चुलीला, सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरणार आणि त्याचा मोठा हिस्सा पायल्यांनी मोजला जाणार. रोकड फार थोड्या ठिकाणी लागे. पीक खाता येते ही साधी गोष्ट बाजारापुढे त्या घराची ढाल होती.

आता त्याच शिवारात सोयाबीन आहे. राज्यात त्याचे क्षेत्र ५० लाख हेक्टरांच्या आसपास गेले आणि मराठवाड्यात खरिपाच्या ज्वारीची जागा त्याने घेतली. शेतकऱ्याने मूर्खपणाने हे केले असे म्हणणाऱ्यांनी खरिपाची ज्वारी कधी काढलेली नसावी. कणसात दाणा भरला की पाखरे, त्यांतून वाचली तर रानडुकरे, काढणीला मजूर नाही, आणि ऐन काढणीत पाऊस आला की ज्वारी काळी पडणार. सोयाबीन शंभर दिवसांत निघते, मळणीयंत्रातून एका दिवसात पोत्यात जाते आणि मागे हरभऱ्याला रान मोकळे करते. हिशेबाने पाहता निर्णय बरोबरच होता. पण सोयाबीन शिजवून घर जगत नाही. ते विकावेच लागते, तेही लगेच, कारण खताच्या दुकानाची उधारी, बँकेचे पीककर्ज आणि पोराच्या क्लासची फी दसरा-दिवाळीला एकदमच उभी राहतात. मोंढ्यात आडत्या मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो आणि आकडा येतो. हमीभाव खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात ओरड झाल्यावर केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुला बाजार त्याच्या बराच खाली. दर ठरवणाऱ्या गोष्टी जिंतूरच्या आवाक्यातल्या नाहीत. शिकागोच्या वायदेबाजारातला भाव, परदेशात पेंडीला असलेली मागणी आणि दिल्लीने खाद्यतेलावर लावलेले आयातशुल्क, जे सप्टेंबर २०२४ मध्ये वाढले आणि मे २०२५ मध्ये कच्च्या तेलापुरते निम्म्यावर आले. बाहत्तर साली अमेरिका आपल्या ताटात मिलो होऊन आली होती. आता ती ताटात दिसत नाही, वजनकाट्यावर असते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ही स्मृतिरंजनाची जुनी खोड आहे. ज्याच्याकडे पेव होते त्याचीच ढाल होती. भूमिहीनाला पायलीभर ज्वारीसाठी वाड्याच्या दारात उभे राहावे लागे. गावाची टंचाई समाईक होती म्हणावे, तर विहीर समाईक नव्हती. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर याच परभणी-नांदेड पट्ट्यात दलितांची घरे जाळली गेली. ज्या दशकाला आपण एकोप्याचे म्हणू पाहतो त्याच्या शेवटी हे उभे आहे. आणखी एक आकडा: १९७१ च्या सुमारास महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार मुलांपैकी शंभराहून जास्त वर्षाच्या आत दगावत, २०२० मध्ये ते प्रमाण १६ वर आले. या एका फरकापुढे पेव, जाते, पहाटेच्या ओव्या हे सगळे मी सोडून द्यायला तयार आहे, आणि पहाटे जाते ओढणाऱ्या बाईने तर ते केव्हाच सोडले असते. तेव्हा जुन्या काळाकडे परत जावे असे माझे म्हणणे नाही. मुद्दा इतकाच, की त्या काळात निम्न वर्गाची टंचाईसुद्धा रस्त्यावर येऊन मागणी करू शकली. तिला एक जागा होती, एक मुकादम होता, एक कचेरी होती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आज सरकार हात आखडता घेते कुठे? रेशनचे धान्य २०२३ पासून फुकट आहे, किसान सन्मानचे वर्षाला ६,००० रुपये येतात, जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० येतात, बाईला एसटीत अर्धे तिकीट आहे, आजाराला महात्मा फुले योजना आहे. हे सगळे खरे आहे, आणि १,५०० रुपये स्वतःच्या खात्यावर येणे म्हणजे काय हे सासरी राहणाऱ्या बाईलाच विचारावे. त्याला भीक म्हणणाऱ्या शहाण्यांशी मला वाद घालायचा नाही. पण या रकमा दर महिन्याच्या थोड्या तुटीवर फुंकर घालतात, आणि आजचे घर मोडते ते एका झटक्यात. अपघात, मूत्रपिंडाचा आजार, मुलीचे लग्न, मुलाचे लातूर-नांदेडचे नीटचे क्लास. गंभीर दुखण्याला आजही जिंतूरहून परभणी गाठावी लागते, नाहीतर संभाजीनगर. योजनेत शस्त्रक्रिया बसते, पण रुग्णाजवळ बसणाऱ्याची बुडालेली मजुरी बसत नाही. रेल्वे तर तालुक्याच्या गावाला आजतागायत नाही. येलदरीचे धरण जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर. त्याचे पाणी मात्र खालच्या सिद्धेश्वर धरणातून निघणाऱ्या कालव्यांनी वसमत-परभणीकडे जाते. वरच्या हलक्या रानाला पावसाचाच भरवसा, आणि ते रानही आता तुकड्यातुकड्याने उरले आहे. राज्यात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये १.३४. तांड्यांवरची जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात, म्हणजे कामाच्या आधीच कर्जात असतात.

आणि इथेच खरा फरक आहे. १९७२ मध्ये राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. तिचा कारभार चांगला होता असे कोणी म्हणणार नाही. चुकारे थकायचे, प्रतवारीत फसवणूक व्हायची. पण चुकारे थकले की सगळ्यांचेच थकायचे, आणि म्हणून ते आंदोलनाचे कारण व्हायचे. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन परभणीतूनच पेटले. आज एकाच बांधावरच्या दोघांपैकी एकाचा विमा मंजूर होतो, दुसऱ्याचा नाकारला जातो. एकाचे नाव यादीत असते, दुसऱ्याचे आधार जुळत नाही. प्रत्येकाची अडचण वेगळ्या मोबाइलवर, वेगळ्या संदेशातून येते. मग मोर्चा कोणाचा काढायचा? अडलेला माणूस ती आपलीच चूक समजतो आणि घरातही बोलत नाही. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्या साली कोणाच्या घरी धान्य नव्हते म्हणून हे झाले असे कोणीही म्हणत नाही. हातात फोन आहे, घरात गॅस आहे, रेशनचा गहू-तांदूळ आहे, आणि तरी माणूस जातो. वस्तू मोजणाऱ्या तुलनेकडे याला उत्तर नाही. आत्महत्येची कारणे गुंतागुंतीची असतात, शेती हे एकच कारण कधीच नसते, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की पन्नास वर्षांपूर्वीचे संकट माणसाला गावाबरोबर कामावर नेत होते आणि आजचे त्याला एकट्याला गाठते.

त्यामुळे उपाय आणखी एका खात्यात आणखी थोडे पैसे टाकण्याचा नाही. शेतकऱ्याला माल धरून ठेवता आला पाहिजे. पेव जे करत होते ते आज कोणीतरी केले पाहिजे. यासाठी नवी योजना शोधायलाही नको. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे: बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचला आणि दर आला की विका. दहा-बारा पोती घेऊन आलेल्या माणसाला तिचा उपयोग व्हायचा तर दसऱ्याच्या आत तालुक्यात गोदाम रिकामे पाहिजे, बारदाना पाहिजे, आणि हमीभाव केंद्र माल येण्याआधी उघडले पाहिजे, माल व्यापाऱ्याकडे गेल्यावर नव्हे. ही मागणी खात्यात घालता येत नाही, ती गावाने मिळूनच करावी लागते. योजना १९९०-९१ पासून अस्तित्वात आहे.