मारणे, सोडणे, न धरणे: स्टीलहेड माशाच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत, समुद्राला मिळणाऱ्या नद्यांमध्ये स्टीलहेड नावाचा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून परत येतो. आणि असा मासा, विशेषतः आयुष्यात एखाद्याच वेळी लाभावा इतका मोठा, गळाला लागल्यावर मारून घरी न्यावा की पुन्हा पाण्यात सोडावा, यावर तेथील हौशी मासे धरणाऱ्यांमध्ये गेली काही दशके कडाक्याचा वाद चालत आला आहे. वरवर पाहता हा एका खेळाच्या शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात हिंसा कशाला म्हणावे, जीव घेण्याचा अधिकार कशाने मिळतो आणि प्राण न घेता दिलेली वेदना कोणाच्या खाती मांडावी, हे धर्मविचारातले जुने प्रश्न त्यात एकत्र आले आहेत. पोटासाठी जाळे टाकणाऱ्या कोळ्यापुढे ते या रूपात उभे राहत नाहीत. ते उभे राहतात गरवणाऱ्यापुढे, म्हणजे गळ टाकून एकेक मासा धरणाऱ्यापुढे, आणि त्यातही अशा गरवणाऱ्यापुढे की ज्याच्या घरी त्या माशावाचून कोणी उपाशी राहणार नसते.

स्टीलहेड ही स्वतंत्र जाती नाही. निलगिरी आणि मुन्नारच्या थंड ओढ्यांत ब्रिटिशांच्या काळात आणून सोडलेला आणि आज हिमाचल-काश्मीरमध्ये पाळला जाणारा रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड हे दोघे एकाच जातीचे, शास्त्रीय नावाने ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. फरक इतकाच की रेनबो जन्मभर गोड्या पाण्यात राहतो आणि स्टीलहेड साधारण एक ते तीन वर्षे नदीत काढून समुद्रात उतरतो, तेथे आणखी एक ते तीन वर्षे वाढतो आणि मग बहुधा जन्माच्याच नदीत परततो. एकाच आईबापाच्या पिल्लांपैकी काही नदीतच राहतात आणि काही समुद्राची वाट धरतात, हे या माशाचे वैशिष्ट्य. दुसरे वैशिष्ट्य प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. चिनूक, कोहो, सॉकाय यांसारखे पॅसिफिक सामन मासे एकदा अंडी घातली की मरतात. स्टीलहेडला मात्र मरणे भाग नसते. अंडी घालून झालेला, हाडाला कातडी चिकटलेला स्टीलहेड, ज्याला तेथे केल्ट म्हणतात, पुन्हा समुद्रात जाऊन भरू शकतो आणि दुसऱ्यांदा, क्वचित तिसऱ्यांदाही, नदी चढू शकतो. असे परतणारे मासे थोडे असतात आणि त्यांत माद्यांचे प्रमाण जास्त असते. त्यांच्या खवल्यांवर वर्षांची वलये उमटलेली असतात, आणि भिंगाखाली धरलेल्या एका खवल्यावरून मासा किती वर्षे नदीत होता, किती वर्षे समुद्रात होता आणि यापूर्वी त्याने अंडी घातली होती की नाही, हे जाणकाराला वाचता येते.

यावरून मोठ्या माशाचा प्रश्न वेगळा का आहे ते ध्यानात येते. बहुतेक स्टीलहेड तीन ते पाच किलोचे असतात. नऊ किलोंच्या, म्हणजे वीस पौंडांच्या पुढचा मासा ट्रॉफी समजला जातो. अलास्कातील बेल आयलंडजवळ १९७० मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाच्या गळाला लागलेला ४२ पौंड २ औंसांचा, म्हणजे सुमारे १९ किलोंचा मासा या बाबतीतला प्रसिद्ध विक्रम होय. इतका आकार समुद्रातली वर्षे वाढल्याशिवाय येत नाही, आणि समुद्रातले प्रत्येक जादा वर्ष म्हणजे सील, शार्क आणि जाळी यांतून वाचून निघण्याची आणखी एक परीक्षा. मोठ्या मादीच्या पोटात अंडी अधिक असतात, आणि तिच्या आकाराला कारण झालेला आनुवंशिक वारसा त्या अंड्यांतून पुढे जातो. म्हणजे गरवणाऱ्याच्या दृष्टीने जो मासा घरी नेण्यास सर्वांत योग्य ठरतो, तोच नदीच्या दृष्टीने मारण्यास सर्वांत अयोग्य असतो. भिंतीवर लावण्याची हौस हे कारणही आता उरलेले नाही, कारण माशाची लांबी, घेर आणि छायाचित्र यांवरून फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती करून मिळते.

तेथील कायद्याने हा प्रश्न एका लहानशा अवयवावर आणून ठेवला आहे. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा, काटे नसलेला मांसल मेदपर असतो. हॅचरीत, म्हणजे कृत्रिमरीत्या अंडी फलित करून पिल्ले वाढवणाऱ्या केंद्रात, हा पर बोटुकलीच्या अवस्थेतच कापतात. त्यामुळे मासा जाळीपाशी आला की धरणारा प्रथम पाठीकडे पाहतो: पराच्या जागी बुजलेला व्रण असेल तर मासा हॅचरीचा आणि नियमाप्रमाणे नेता येणारा, पर शाबूत असेल तर तो नदीत जन्मलेला, म्हणून सोडण्याचा. वॉशिंग्टन राज्याने स्टीलहेडला १९६९ मध्ये राज्याचा मासा म्हणून मान दिला, तरी तेथील ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या होह, सोलडक अशा काही नद्यांत नदीत जन्मलेला एक स्टीलहेड वर्षातून मारण्याची मुभा २०१६ पर्यंत होती. आता ती नाही, आणि सोडायचा मासा छायाचित्रासाठीसुद्धा पाण्याबाहेर पूर्ण उचलणे नियमबाह्य आहे. पण कायद्याने प्रश्न मिटतो असे नाही. कोणता मासा मारू नये एवढेच कायदा सांगतो, तो मुळात का धरावा याचे उत्तर देत नाही.

मारून नेणाऱ्याची बाजू हलकी लेखण्यासारखी नाही. स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ च्या शिकारीवरील चिंतनात असे मांडले की मृत्यूची शक्यता काढून घेतली की शिकार हे शिकारीचे सोंग उरते. डब्लिनचे धर्मोपदेशक आणि तत्त्वज्ञ बर्कलीचे अभ्यासक ए. ए. लूस यांनी गरवण्याचे समर्थन अन्नाच्या हेतूवरच आधारले. या विचाराचा गाभा असा की मासा मारून खाणारा माणूस आपल्या कृतीची किंमत जाणतो आणि तिचे फळ अंगी लावून घेतो, तर सोडणारा माणूस वेदना देण्याचा आनंद घेतो आणि वर दयाळूपणाचे श्रेयही घेतो. उत्तर अमेरिकेतल्या अनेक आदिवासी समाजांतल्या लोकांनी हाच आक्षेप अधिक स्पष्ट शब्दांत घेतला आहे: अन्नाशी खेळू नये. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर सोडणाऱ्यांकडून क्वचितच मिळते.

वेदनेविषयीचे संशोधन तर याच माशावर झालेले आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजेची जाणीव वाहून नेणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठात ॲसिटिक आम्ल टोचलेल्या माशांनी बराच वेळ खाणे सोडले आणि ओठ तळच्या खड्यांवर घासले, आणि मॉर्फीन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. जेम्स रोझ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की माशाच्या मेंदूत निओकॉर्टेक्स, म्हणजे माणसात जाणीवपूर्वक वेदनेशी जोडलेला थर, नसल्याने या हालचालींना वेदनेचा अनुभव म्हणता येणार नाही. हा वाद संपलेला नाही. परंतु जेथे संशय आहे तेथे संशयाचा फायदा जीवाला द्यावा की खेळाला, हा प्रश्न विज्ञानाचा नसून नीतीचा आहे, आणि खेळाला तो फायदा देण्याचे कोणतेही सबळ कारण दिसत नाही. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांनी सोडण्याच्याच हेतूने मासा धरणे बेकायदा ठरवले, आणि जर्मनीतही सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास कायद्याची आडकाठी आहे; म्हणजे वॉशिंग्टनमध्ये जे कृत्य सक्तीचे आहे तेच तेथे गुन्हा ठरू शकते.

येथे जैन विचारातला एक भेद उपयोगी पडतो. द्रव्यहिंसा म्हणजे प्रत्यक्ष प्राणहानी, आणि भावहिंसा म्हणजे कर्त्याच्या मनातला तो विकार किंवा बेसावधपणा, ज्यातून ती हानी घडते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे विकारवश बेफिकिरी, हाच तिचा उगम मानला. जैन आचारात मासे धरण्याला मुळातच जागा नाही, त्यामुळे ही परिभाषा गरवणाऱ्याच्या बाजूने साक्षीला बोलावता येत नाही. पण तिने त्याची कृती तपासता येते. थंड पाण्यात, उलटा काटा नसलेल्या गळाने धरून पाण्यातच सोडलेल्या स्टीलहेडपैकी बहुतेक जगतात, मरतात ते शेकडा थोडेच. म्हणून द्रव्यहिंसा कमी, हे खरे. भाव मात्र तसाच राहतो. ज्या धडपडीसाठी स्टीलहेडची ख्याती आहे, पाण्याबाहेर उसळणे, प्रवाहाच्या बळावर शंभर हात दोरी ओढून नेणे, ती धडपड म्हणजे जिवाच्या भीतीने केलेली पळापळ होय, आणि गरवणाऱ्याचा आनंद नेमका तिच्यातच असतो. शिवाय हा आनंद मोजून घेतला जात नाही. मासा मारणारा नियमाने ठरलेली संख्या भरली की त्या दिवशी थांबतो. सोडणाऱ्याला थांबवणारे काही नसते, आणि दिवसभरात सहा मासे धरून सहाही सोडणारा स्वतःला अहिंसक समजून घरी जातो. द्रव्यहिंसेचा हिशोब मांडला तरी अशा दिवसांची बेरीज हंगामाअखेर एका मारलेल्या माशापेक्षा कमी भरेलच असे नाही, विशेषतः उन्हाळ्यात नदीचे पाणी वीस अंशांच्या वर तापलेले असताना, जेव्हा दमलेल्या माशाला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही.

अन्नासाठी मारणाऱ्यांचा अधिकार याहून निराळ्या पायावर उभा आहे. वॉशिंग्टनमधील आदिवासी जमातींनी १८५४ ते १८५६ या काळातल्या करारांत जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे त्या हक्काची इतकी पायमल्ली झाली की निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांच्यासारख्यांना आपल्याच नदीत जाळे टाकल्याबद्दल वारंवार अटक झाली, आणि १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा आहे असा निकाल दिला तेव्हाच तो हक्क पुन्हा उभा राहिला. या समाजांत हंगामातला पहिला सामन सर्वांनी वाटून खाण्याचा आणि त्याची हाडे नदीला परत देण्याचा विधी आहे. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध येथे आठवतो: मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा तो माणूस ब्राह्मणाला धर्म शिकवतो, शेतीतही जीव मरतात हे दाखवतो, आणि तरीही आपले कर्म घोर आहे हे नाकारत नाही. मारण्याला घोर म्हणण्याची ही तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याच्या मारण्यात मर्यादा आपोआप येते. भिंतीवरच्या ट्रॉफीला अशी कोणतीही मर्यादा ठाऊक नसते.

नदीतल्या माशांची तूट हॅचरीच्या माशांनी भरून काढता येईल या समजुतीनेही नुकसान केले आहे, आणि त्याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला निळ्या परांचा महसीर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीत सोडला गेला, आणि तेथला मूळचा, आज अतिसंकटग्रस्त असलेला कुबड्या महसीर त्याच्यापुढे मागे पडत गेला. ही घसरण उघडकीला आली ती मासे धरून सोडणाऱ्या छावण्यांच्या नोंदवह्यांवरून, हे सोडणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. नदीची खबर ठेवणारी, धरणांविरुद्ध उभी राहणारी बरीच माणसे गरवणाऱ्यांतूनच येतात. कॅनडातले लेखक आणि दंडाधिकारी रॉडरिक हेग-ब्राऊन हे त्यांतले एक ठळक नाव. वॉशिंग्टनमधील एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडल्यावर, शंभर वर्षे वरच्या पाण्यात अडकून राहिलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशातून उन्हाळी स्टीलहेड पुन्हा समुद्रात जाऊन परत येऊ लागले. मासा वाचतो तो अशा कामाने.

तेव्हा निर्णय असा करावा लागतो. नदीत जन्मलेला मोठा स्टीलहेड ठेवून घेणे असमर्थनीय आहे, कारण त्याचे मोठेपण नदीच्या पुढच्या पिढ्यांचे आहे, धरणाऱ्याचे नाही. त्याला सोडणे हे कर्तव्य आहे, पण पुण्य नाही. गळ टाकला त्याच क्षणी जे घडले ते सोडल्याने पुसले जात नाही, आणि म्हणून खरी निवड मासा जाळीत आल्यावर नसते, ती गळ पाण्यात पडण्यापूर्वीची असते. काही गरवणारे गळाचे टोकच कापून टाकतात आणि मासा आमिषाकडे झेपावला एवढ्यावर समाधान मानतात. ओरेगनमधील स्टीमबोट क्रीक हा स्टीलहेडचा ओढा तर १९३२ पासून गरवण्याला पूर्ण बंद आहे. ज्या नदीत अंडी घालण्यापुरतेही मासे पोचत नाहीत, तेथे धरून सोडण्याचा हंगामही उघडू नये, आणि सरकारने उघडलाच तरी गरवणाऱ्याने त्या वर्षी काठी घरीच ठेवावी. जेथे मासे पुरेसे आहेत, तेथे दिवसाला एक मासा धरावा आणि त्यानंतर पाण्याबाहेर यावे.