कोणत्या दिवसाचं विमान?

डी हॅविलँड कंपनीच्या पस मॉथ या विमानाला पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या झडपा नव्हत्या. हलकं, लांब पंखांचं विमान. उतरताना तरंगत राही, जमिनीला लवकर टेकत नसे. कंपनीने त्यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. चाकापासून वर पंखाच्या मुळाकडे जाणारा, धक्के झेलणारा एक लांब पाय होता आणि हवा सहज कापली जावी म्हणून त्यावर चपटं आवरण घातलेलं होतं. वैमानिकाला ते आवरण बसल्या जागेवरून नव्वद अंशांत वळवता येई. एरवी वाऱ्याला वाट देणारी ती पट्टी मग वाऱ्याला आडवी उभी राही आणि वेग मोडे.

फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फोटोत दिसतो तो एक जाडसर पाय. संगणकावर विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी या विमानाचं मॉडेल करणारा नुसतं पाहून काम करत असेल, तर तो पाय कोरेल, रंगवेल आणि पुढच्या भागाकडे वळेल. हा पाय इतका रुंद का, असा प्रश्न ज्याला पडेल त्यालाच तो फिरता करायचं सुचेल. जुन्या विमानाचं मॉडेल बनवणं म्हणजे असे प्रश्न विचारत बसणं, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे. ब्लेंडर या मॉडेल घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदूला बिंदू जोडून आकार उभा करणं सरावाने जमतं. तो आकार तसाच का आहे, हे कळायला वेळ लागतो.

पस मॉथच का, तर १५ ऑक्टोबर १९३२ मुळे. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एकटे निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते याच विमानातून. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. टाटांच्या हवाई सेवेची सुरुवात झाली ती या कापडी विमानाने.

कापडी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला होता, पंखांच्या आत लाकूड होतं आणि दोन्हींवर ताणून बसवलेलं कापड होतं. ते घट्ट व्हावं म्हणून त्यावर डोप नावाच्या रोगणाचे हात दिलेले असत. धातूची विमानं करून हात बसलेला माणूस इथे नकळत पत्र्याचे सांधे आणि रिव्हेटच्या ओळी काढतो. पस मॉथच्या अंगावर रिव्हेट म्हणजे चक्क खोटं आहे. पत्रा असतो तो इंजिनावरच्या झाकणाला. बाकी अंगावर दिसायला हवेत ते आतल्या पट्ट्यांचे उंचवटे आणि दोन फासळ्यांच्या मधे किंचित खाली गेलेलं कापड. सकाळचं तिरपं ऊन पंखावर पडलं की ही खोली दिसते. भर दुपारी ती जवळजवळ नाहीशी होते. एवढ्यासाठी कितीही रात्री गेल्या तरी त्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही.

इंजिनाचंही तसंच. जिप्सी थ्री हे १२० अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं इंजिन उलटं बसवलेलं होतं; सिलिंडर खाली लोंबते, पंख्याचा दांडा वर. त्यामुळे पंखा जमिनीपासून उंच राहिला आणि वैमानिकाला नाकावरून पुढचं चांगलं दिसू लागलं. आता मॉडेलमध्ये वैमानिकाचा डोळा नेमक्या कोणत्या उंचीवर ठेवायचा हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. तो चार बोटं खाली गेला की समोर नुसतं झाकण दिसतं आणि इंजिन उलटं करण्यामागचा सगळा विचार फुकट जातो. बाहेरून मॉडेल कितीही देखणं असो, ज्यासाठी ते विमान तसं घडलं तेच आत बसणाऱ्याला मिळालं नाही, तर ते मॉडेल फसलं असं मी धरतो.

उडण्याच्या गणिताबद्दल थोडक्यात सांगतो. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा जोर मोजतो. फ्लाइटगिअर या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये बनवणारा स्वतः आकड्यांचे तक्ते लिहू शकतो. मार्ग कुठलाही घ्या, वजन कुठे आहे आणि पंख किती उचलतो हे चुकलं, तर कातडं पस मॉथचं आणि चाल आजच्या सेस्नाची, असं होतं. पायावरचं ते आवरण आडवं केल्यावर विमानाला खरोखर ओढ बसली पाहिजे. ते फिरताना दिसतं पण वेग मुळीच उतरत नाही, अशी मॉडेलं पाहिली की वाईट वाटतं.

सगळ्यांत जास्त मी थांबलो ते एका लहानशा कांबीपाशी. १९३० पासून पुढच्या काही वर्षांत पस मॉथची काही विमानं हवेतच पंख मोडून कोसळली. वैमानिक गेले, प्रवासी गेले. तपासाअंती कळलं की खळबळत्या हवेत वेगाने जाताना पंखाला कंप सुटतो आणि तो आवरत नाही. मग पंखाला आधार देणाऱ्या पुढच्या तिरक्या दांड्याला एक छोटी आडवी कांब जोडून तो ताठ केला गेला. मॉडेलमध्ये ती काढायला फारसा वेळ लागत नाही. पण ती काढायची की नाही, हे ठरवण्याआधी आपलं विमान कोणत्या दिवसाचं आहे हे ठरवावं लागतं. एकाच विमानाची १९३० ची आणि १९३४ ची अवस्था वेगवेगळी असते. दोन्ही काळांतले फोटो समोर ठेवून ज्यातलं जे आवडेल ते उचललं, तर तयार होतं ते कधीच न उडालेलं विमान. त्या कांबीमागे माणसांचे जीव आहेत. तिला सजावटीसारखं वागवणं मला पटत नाही.

मळाचा प्रश्नही याच दिवसाशी बांधलेला आहे. विमान जुनं म्हटलं की त्यावर तेलाचे ओघळ, उडालेला रंग, गंज असं सगळं चढवण्याची रीत पडली आहे. पस मॉथ पहिल्यांदा उडालं सप्टेंबर १९२९ मध्ये. म्हणजे ऑक्टोबर १९३२ मध्ये त्या जातीचं कुठलंही विमान फार तर तीन वर्षांचं. जुहूच्या मैदानात जमलेल्या लोकांनी जे पाहिलं ते त्या काळातलं नवंकोरं तंत्र होतं. त्याच्यावर नव्वद वर्षांची धूळ टाकायचा आपल्याला हक्क नाही.

आणि भोवतालचं जग? ताशी साधारण १६० किलोमीटर वेगाने कराची ते मुंबई हा हजारभर किलोमीटरचा प्रवास सहा-सात तासांचा होतो. रेडिओ नाही, वाट दाखवणारी उपकरणं नाहीत. होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन, एवढ्यावर भिस्त. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची सपाट मातीची जागा. पावसाळ्यात तिथे पाणी साचे, मग विमानं पुण्याला हलवावी लागत. आजच्या सिम्युलेटरमध्ये जुहूला गेलात तर चारी बाजूंनी इमारती उभ्या असतात. त्या पुसून तिथे माती आणि भरतीची रेघ आणणं हेही मॉडेलचंच काम आहे, असं मी मानतो. काळाचा वेग चौपट करून हा प्रवास उरकण्याची सोय सिम्युलेटरमध्ये असते. एकदा तरी ती न वापरता कच्छवरून जाऊन पाहावं. दूरवर दिसणारा किनारा ओळखू येणं म्हणजे काय, ते तेव्हाच कळतं.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी हीच वाट पुन्हा एकट्याने कापली, तेव्हा विमान होतं लेपर्ड मॉथ. दिसायला ते पस मॉथचं भावंड वाटतं, म्हणून एकाच मॉडेलवर नुसता रंग बदलून दोन्ही खपवण्याचा मोह होतो. पण लेपर्ड मॉथचं अंग पोलादी नळ्यांचं नव्हतं, प्लायवूडचं होतं. पंखांचा आकार वेगळा, चाकांचे पाय वेगळे, प्रवाशांची बसण्याची जागाही वेगळी. ते नव्यानेच बांधायला हवं.

या कामात सर्वांत मोठी अडचण संगणकाची नाही, कागदांची आहे. कारखान्याचे आराखडे विमानाचा आकार सांगतात. जुहूच्या मैदानावर त्याची डागडुजी कशी केली, कापडाला ठिगळ कुठे लावलं, आत कोणतं जादा उपकरण बसवलं, हे फक्त तिथे काम केलेल्या माणसांच्या वह्यांत आणि फोटोंत सापडतं. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी जुहूला किंवा पुण्याला विमानांवर हात काळे केले असतील, फ्लाइंग क्लबात शिकले असतील, टपाल खात्यात त्या पिशव्या हाताळल्या असतील, तर माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. फोटोच्या मागे लिहिलेली तारीख पुसू देऊ नका. फोटोची दोन्ही बाजूंनी नीट प्रत काढा आणि एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्या. विमानाच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या माणसांची नावं घरात कुणाला आठवत असतील, तर तीही आजच लिहून ठेवा.