सह्याद्रीचे रूपक आणि उत्तरदायित्व

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे रूपक मराठी मनात रुजले. हे रूपक मुलकी नेत्यास योद्ध्याच्या जागी बसवते आणि मूळ नैतिक प्रश्न झाकते: शस्त्र दुसऱ्याच्या हाती असताना त्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

१ सप्टेंबर १९६५ रोजी छांब आघाडीवर संकट ओढवल्यावर सेनाप्रमुखांनी हवाई दलाची मदत मागितली. चव्हाणांनी तत्काळ संमती दिली. युद्धाचे ज्ञान सेनानींचे होते, संमतीचा भार मात्र मंत्र्याचा. हस्तक्षेप न करणे म्हणजे भार टाळणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

परंतु १९६२ च्या पराभवाची हेंडरसन ब्रुक्स-भगत चौकशी लष्करी बाबींपुरतीच मर्यादित होती. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी तिचे निवडक निष्कर्ष संसदेत मांडले. अहवाल मात्र अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. सैन्याचे मनोधैर्य जपण्याच्या या भूमिकेआड राजकीय नेतृत्वही सुरक्षित राहिले.

सैनिक आज्ञेने बांधलेला असतो, तो आज्ञा देणारा जनतेशी बांधलेला आहे या विश्वासावर. हा दुसरा बंध सैल झाला, की आज्ञापालन हा एकतर्फी त्याग ठरतो. ती उणीव कोणतेही रूपक भरून काढू शकत नाही.