थंड चाकाची हवा

मुरूडच्या बाजूला एका कोळीवाड्यात एक तरुण राहत होता. त्याची मासळीची पिकअप गाडी होती. होड्या बंदरात लागल्या की तो बर्फ घातलेले क्रेट गाडीत चढवायचा आणि काशीद, साळावचा पूल, रेवदंडा, अलिबाग करत पनवेलचा बाजार गाठायचा.

त्याचे काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गाडी दारात आली त्या दिवशी काकांनी ड्रायव्हरकडचं दार उघडून चौकटीवरचा स्टिकर दाखवला. त्यावर हवेचे आकडे होते, रिकाम्या गाडीचे वेगळे, भरलेल्या गाडीचे वेगळे. माल भरल्यावर मागच्या चाकांना 50 पौंड.

“टायरवर कोरलेला आकडा धरू नकोस,” काका म्हणाले. “टायर जास्तीत जास्त किती सोसेल, ते तो सांगतो. तुझ्या गाडीला किती हवी, ते इथे लिहिलंय. आणि हवा बघायची ती चाक थंड असताना. गाडी तीन तास तरी उभी असली पाहिजे.”

पुतण्याने मान डोलावली आणि बरेच दिवस सांगितल्याप्रमाणे केलंही.

मे महिना आला. पाहुण्यांनी किनारा भरला, मासळीला भाव चढला, फेऱ्या वाढल्या. गल्ला रोज फुगत होता. एवढा पैसा हातात खेळतोय तर दुसरी गाडी हप्त्यावर घ्यावी, असं त्याच्या मनात आलं.

एकदा होडी उशिरा लागली. निघेपर्यंत ऊन चढलं. पोयनाडला चहाला थांबला तेव्हा त्याने शेजारच्या पंक्चरवाल्याला हवा बघायला सांगितली. गेजवर आकडा आला 56.

“जास्त झाली. उन्हात फुटेल,” पंक्चरवाला म्हणाला आणि हवा सोडून 50 वर आणली. तरुणाला बरं वाटलं. पुढच्या भर दुपारच्या फेरीलाही त्याने तेच केलं. पहाटे गेज लावणं मात्र राहून गेलं. चाकं तर दिसायला ठीकच होती.

आठवड्याभराने कार्लेखिंडीच्या चढावर जळक्या रबराचा वास आला. मागोमाग धाडकन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला कलली. मागचं चाक फुटलं होतं.

निम्मे क्रेट खाली उतरवावे लागले, तेव्हा कुठे जॅक लागला. बर्फाचं पाणी डांबरावर ओघळत होतं. स्टेपनी चढवून तो पनवेलला पोचला, तोवर बाजार उतरला होता. व्यापाऱ्याने सुरमईचे कल्ले उचलून पाहिले. लाल कल्ले फिके पडले होते. मासळी निम्म्या भावात गेली. संध्याकाळी त्याने माल देणाऱ्या मावशींच्या हातात पैसे ठेवले. मावशींनी ते मोजले, कनवटीला लावले आणि काही न बोलता आत गेल्या.

फाटका टायर त्याने काकांपुढे आणून टाकला. “दोनदा हवा कमी केली, तरी उन्हाने फुटलाच.”

काकांनी टायर आडवा केला. दोन्ही कडा झिजल्या होत्या, मधली नक्षी मात्र शाबूत होती. टायर आपटला तसा आतून काळा भुगा पडला.

“हवा कमी होती म्हणून फुटला,” काका म्हणाले. “हवा कमी असली की भाराखाली टायरच्या बाजू चेपतात. प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, पुन्हा सरळ होतात. त्या दुमडण्यानेच टायर तापतो आणि आतून भरडला जातो. दुपारचे वरचे सहा पौंड ही धावण्याची गरमी होती. स्टिकरवरचा आकडा ती गरमी धरूनच ठरवलेला असतो. ती जास्तीची समजून तू काढलीस आणि चाक निवल्यावर त्याची हक्काची हवाच कमी पडली.”

1 जूनला मासेमारी बंद झाली. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या आल्या. पिकअप अंगणात उभी राहिली. हप्त्याचे कागद घेऊन एजंट आला, तेव्हा तरुणाने त्याला ओट्यावर बसवलं आणि वही उघडली. जुलै अखेरपर्यंतचा घरखर्च, चालू गाडीचा हप्ता, विमा, नवे टायर, सगळं मांडलं. मे महिन्यात भरगच्च दिसणारा गल्ला तेवढ्यालाच जेमतेम पुरत होता. त्याने एजंटला चहा पाजला आणि कागद सही न करता परत दिले.

भरतीच्या दिवसांत हाती येणारं सगळंच जास्तीचं नसतं. त्यातलं बरंचसं पुढच्या ओहोटीसाठी आलेलं असतं. ते जास्तीचं समजून सोडून देणाऱ्याला पुढचा भार पेलत नाही. म्हणून आपल्याजवळ खरंच किती आहे, हे धावपळीत ठरवू नये. थांबावं, निवावं आणि मग मोजावं.