बेनाम मयताचा हक्क



एखाद्या खुनाचा तपास ४० वर्षे चालावा, त्या अवधीत खुनी तुरुंगात मरून जावा, आणि तरीही काही माणसांनी ‘मारली गेली ती कोण होती?’ हा एकच प्रश्न धरून बसावे, याला आपण काय म्हणावे? किसास मागण्यासाठी समोर आरोपी नाही. दियत देणारा कोणी नाही. वारसांनी वाटून घ्यावी अशी मालमत्ता नाही. मग ही खटपट कोणासाठी? हा प्रश्न एकट्या पोलिसांचा नाही. मयताचा हक्क जिवंतांवर कोठवर चालतो, असा तो प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्याही दारात येतो.

ज्या प्रकरणामुळे मी हे लिहीत आहे ते दूरचे आहे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात ॲलन्सटाउन या छोट्या गावालगत बेअर ब्रुक नावाचे जंगल आहे. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे एका शिकाऱ्याला लोखंडी पिंप आढळले. आत एक स्त्री आणि एक मुलगी यांचे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले अवशेष होते. बेपत्ता माणसांच्या नोंदींत त्यांच्याशी जुळणारे कोणीही सापडले नाही. गावाने त्या दोघींना आपल्या दफनभूमीत जागा दिली आणि दगड बसवला. त्यावर नावाच्या जागी अंदाजे वय कोरले. पुढे २००० साली एका तपास अधिकाऱ्याने तोच परिसर पुन्हा पायाखाली घातला, तेव्हा पहिल्या जागेपासून सुमारे १०० यार्डांवर दुसरे पिंप दिसले. त्यात आणखी दोन लहान मुली होत्या. १५ वर्षे त्या तेथेच पडून होत्या.

डीएनए तपासणीने एवढे सांगितले की, ती स्त्री सर्वांत मोठ्या आणि सर्वांत धाकट्या मुलीची आई होती. मधली मुलगी मात्र तिची नव्हती. आई आणि तिच्या दोन मुलींची ओळख २०१९ च्या जूनमध्ये जाहीर झाली. मधल्या मुलीचे नाव कळायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. मारणारा त्याआधीच, २०१० च्या डिसेंबरमध्ये, दुसऱ्या एका स्त्रीच्या खुनाची शिक्षा भोगत असताना कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मरण पावला होता, आणि तोही खोट्या नावाने. त्याची खोटी नावे अनेक होती. वर्तमानपत्रांनी ती सारी छापली. मी त्यातले एकही येथे लिहिणार नाही. मारल्या गेलेल्यांची नावेही लिहीत नाही, पण त्याचे कारण निराळे आहे. ती ज्यांच्याकडे जायला हवी होती त्यांच्याकडे पोहोचली आहेत.

मयताचे हक्क आपण लहानपणापासून ऐकत आलो: गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, दफन. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नाव लागत नाही. अनोळखी मयत सापडले तर खुणा पाहा, वस्ती कोणाची आहे ते पाहा आणि त्याप्रमाणे दफन करा, असे फकीहांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा कोणी म्हणेल की, गावाने त्या दोघींना १९८० च्या दशकातच माती दिली, जिवंतांचे कर्तव्य तेथे पुरे झाले.

परंतु त्याच ग्रंथांत पुढचे पान उलटावे. दफनानंतर कर्ज फेडायचे असते. कोणाचे कर्ज? त्यानंतर वसीयत, त्यानंतर वारसा. कोणाची वसीयत, कोणाचे वारस? विधवेने इद्दत कोणत्या दिवसापासून मोजावी? आणि या सगळ्यांहून अवघड गोष्ट म्हणजे, घरी वाट पाहणाऱ्या आईने रात्री हात उचलून काय मागावे? ‘या अल्लाह, तिला सुखरूप परत आण’ असे, की ‘या अल्लाह, तिला माफ कर’ असे? ज्या आईला हे ठरवता येत नाही तिची दुआसुद्धा अधांतरी राहते. मयताचे नाव हरवते तेव्हा एकटे मयत हरवत नाही, त्याच्यामागे जिवंत माणसांचे एक घर अडकून पडते.

फैजाबादचे सायकल दुरुस्त करणारे मुहम्मद शरीफ यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला, तो बेवारस मृतांचे अंत्यसंस्कार केल्याबद्दल. मुसलमानाला दफन, हिंदूला दहन. या कामाची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या मुलापासून झाली. १९९२ नंतरच्या दंगलींच्या दिवसांत तो सुलतानपूरला गेला आणि मारला गेला. बापाला कळले तेव्हा बराच काळ लोटला होता, आणि मुलगा बेवारस म्हणून पडला होता.

मदरशात ‘हिदाया’ शिकताना चार प्रकरणे लागोपाठ येतात. लकीत, म्हणजे टाकून दिलेले मूल. लुकता, म्हणजे सापडलेली वस्तू. इबाक, म्हणजे पळून गेलेला गुलाम. आणि मफकूद, म्हणजे बेपत्ता माणूस. हा क्रम सहज पडलेला असेल असे मला वाटत नाही. हरवलेले कोणाचे तरी असते, आणि ज्याच्या हाती ते लागते त्याच्यावर त्याची जबाबदारी येते, हा एकच विचार या प्रकरणांतून वाहतो. सापडलेल्या पैशांच्या पिशवीविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी पिशवी कशी आहे, तिचा बंद कसा आहे हे नीट ध्यानात ठेवून वर्षभर पुकारा करण्यास सांगितले. विचार करा, चार नाण्यांच्या थैलीसाठी वर्षभराचा पुकारा! मग माणसासाठी किती?

आणि खुणा जपण्याचा तो आदेशही पाहा. बेअर ब्रुकच्या प्रकरणात मृतांचे केस उरले होते. मूळ नसलेल्या केसातून वंश शोधण्याइतका डीएनए मिळत नाही, असेच शास्त्रज्ञ तोवर मानत. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या विद्यापीठात एड ग्रीन यांनी तो मिळवण्याची रीत काढली, आणि त्यावरून बार्बरा रे-व्हेंटर यांनी वंशावळ जुळवली. त्या निवृत्तीनंतर या शास्त्राकडे वळलेल्या वकील आहेत. हे केस निरुपयोगी म्हणून फेकून दिले असते तर कोणाचे काय बिघडले असते? कोणी विचारलेही नसते.

मफकूदचा नियमही असाच सूक्ष्म आहे. बेपत्ता माणूस स्वतःच्या मालमत्तेपुरता जिवंत धरला जातो, म्हणून ती वाटून घेता येत नाही. दुसऱ्याच्या वारशापुरता तो मृतासारखा, म्हणून त्याला नवा वारसा मिळत नाही. हनफी फकीहांनी त्याच्या समवयस्कांचे आयुष्य संपेपर्यंत थांबायला सांगितले. यात पत्नीची होणारी ससेहोलपट पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेतला, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात चार वर्षांची मुदत आली. पत्नीची सुटका झाली, ती व्हायलाच हवी होती. मात्र तो मेला हे काझीचे अनुमान आहे, आणि माणूस दारात येऊन उभा राहिला की अनुमान संपते. शोध थांबवण्याची मुदत कोणीही घालून दिलेली नाही.

आता या प्रकरणातील ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक विचार करायला लावले तिच्याकडे येतो. खुनी सापडला तो खुन्याचा शोध घेतल्याने नव्हे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील स्कॉट्स व्हॅली येथे एक माणूस पाच वर्षांच्या मुलीला सोडून पसार झाला. ती आपली मुलगी असल्याचे तो सांगत असे. पुढे डीएनएने दाखवले की, तो तिचा बाप नव्हता. ती मुलगी मोठी झाली, आणि ‘मग मी कोण?’ असे तिने विचारले. रे-व्हेंटर यांनी दूरच्या नातलगांचे धागे जुळवत तिचे मूळ नाव शोधले. ते न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहरात पोहोचले, जेथून तिची आई १९८१ मध्ये त्याच माणसाबरोबर नाहीशी झाली होती. मँचेस्टरपासून ॲलन्सटाउन जवळच आहे. २०१७ मध्ये हे उघड झाले की, पिंपातील मधल्या मुलीचा बाप तोच होता.

सूरह तकवीरमध्ये कयामतच्या वर्णनात जिवंत पुरलेल्या मुलीचा उल्लेख येतो. कोणत्या गुन्ह्यासाठी तुला मारले, हा प्रश्न त्या दिवशी तिला विचारला जाईल, मारणाऱ्याला नव्हे. मुफस्सिरांनी याची मीमांसा करताना म्हटले आहे की, तो बाप संबोधन करण्याच्याही लायकीचा उरत नाही. मला यात आणखी एक अर्थ दिसतो. न्यायाचा आरंभ मारलेल्याला बोलते करण्याने होतो. ‘कोणी मारले?’ या प्रश्नाला इतकी वर्षे उत्तर मिळाले नाही, ‘तू कोण?’ या प्रश्नाने सर्व दारे उघडली. आणि येथे तर मुलीला जमिनीआड करणारा हात बापाचाच होता.

त्यातून एक विचित्र अवस्था निर्माण झाली. मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा, ही सूरह अहजाबची शिकवण आहे. या मुलीच्या बाबतीत बापाचे नाव आठ वर्षे जगाला माहीत होते आणि तिचे स्वतःचे नव्हते. खुन्याची मुलगी, एवढीच तिची ओळख होती. ज्याने तिला मारले त्याच्या नावाखेरीज तिच्यापाशी काहीच नव्हते. जे नाव ती हाक ऐकून वळून पाहत असेल ते परत मिळवून देणे हे निव्वळ कागदी काम आहे, असे कोणी म्हणू नये.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो मला विचारलाही जातो. अशा वंशशोधात अनोळखी घरांची झाकलेली गुपिते उघडी पडतात. कोणाचे मूल कोणाचे, कोणी कोणाला सोडले. हे तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या झाकल्या गोष्टी उकरणे नव्हे काय? दीनने तर ऐब झाकायला सांगितले आहे. येथे मला प्रेषितांच्या (स.) काळातील प्रसंग आठवतो. जैद (रजि.) गोरे आणि त्यांचे पुत्र उसामा (रजि.) सावळे, म्हणून लोक कुजबुजत. मुजज्जिज नावाच्या जाणकाराने चादरीबाहेर आलेली दोघांची पावले पाहून ती एकमेकांचीच असल्याचे सांगितले, आणि प्रेषित (स.) अत्यंत आनंदित झाले. हनफी फकीह यावरून नसब सिद्ध करत नाहीत. नसब आधीच सिद्ध होता, आनंद कुजबुज बंद झाल्याचा होता, असे ते म्हणतात. २००२ मध्ये मक्केच्या फिकह परिषदेने डीएनएविषयी निर्णय दिला, त्यातही हीच सावधगिरी आहे. ओळख न पटणारी मयते, रुग्णालयात अदलाबदल झालेली बाळे, युद्धात किंवा आपत्तीत हरवलेली मुले यांच्यासाठी तिचा उपयोग करावा. सुरळीत चाललेल्या घराचा नसब तपासत बसण्यासाठी करू नये. माझ्या मते सीमारेषा येथेच आहे. ऐब झाकणे वेगळे आणि मारलेला जीव झाकणे वेगळे. दुसऱ्याला कुरआनच्या भाषेत साक्ष लपवणे म्हणतात.

ही माणसे आपल्या धर्माची नव्हती, हेही कोणाच्या मनात येईल. एका यहुद्याचा जनाजा जाताना प्रेषित (स.) उठून उभे राहिले, आणि सोबत्यांनी आठवण दिली तेव्हा तोही जीवच नव्हता काय, असे त्यांनी विचारले. एवढे पुरे.

आता आपल्या घराकडे वळू. त्या आईची आणि दोन मुलींची बेपत्ता म्हणून नोंदच झालेली नव्हती. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये, तेथील थँक्सगिव्हिंगच्या सणाला, तिचे माहेरी भांडण झाले. ती त्या माणसाबरोबर निघून गेली आणि पुन्हा दिसली नाही. रागावली आहे, म्हणून येत नाही, असे घरच्यांनी समजणे स्वाभाविक होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. नातलगांनी पुढे शोध घेतलाही, इंटरनेटवर वंशावळी शोधणाऱ्यांच्या जागी विचारपूस लिहून ठेवली. कनेक्टिकट राज्यातील एका ग्रंथपाल स्त्रीने, तिचे या कुटुंबाशी काहीही नाते नसताना, अशा जुन्या विचारपुशी रात्र-रात्र वाचल्या आणि धागा जुळवला.

आपल्यात अबोला ही किती साधी गोष्ट मानली जाते! मुलीने मनाविरुद्ध निकाह केला, भावाने जमिनीचा हिस्सा मागितला, की दार बंद. ‘आमच्यासाठी ती मेली’ हे वाक्य तर किती सहज निघते. तीन दिवसांपेक्षा अधिक काळ भावाशी बोलणे टाकू नये, ही हदीस आपण जुम्याला ऐकतो आणि घरी वर्षे मोजतो. अबोला धरणारा समजतो की, समोरचा गप्प आहे तो रागाने. तो कधी कधी दुसऱ्याच कारणाने गप्प असतो. ज्याला माणूस गिळून टाकायचा असतो तो नेमके असे माणूस निवडतो, ज्याची चौकशी करायला कोणी येणार नाही. त्या स्त्रीच्या घरी निदान वाट पाहणारे होते. ज्या घराने ‘मेली’ म्हणून टाकले, तेथून पोलीस ठाण्यात कोण जाणार?

मशीद झाडणारी एक व्यक्ती मदीनेत वारली. स्त्री होती की तरुण, याविषयी खुद्द रावीला शंका आहे, इतकी ती व्यक्ती लोकांच्या लेखी लहान. सोबत्यांनी परस्पर दफन उरकले. प्रेषितांनी (स.) विचारले, कळवले का नाही म्हणून नापसंती दाखवली, आणि कबर दाखवायला सांगून तेथे नमाज पढली. दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारले, हे मला या हदीसमध्ये सर्वांत मोठे वाटते. आपल्या जमातीत महिनाभर न दिसलेल्या माणसाविषयी आपण कितीदा विचारतो?

मधल्या मुलीचे नाव मिळाले तेव्हा तिच्या आईचेही मिळाले. ती स्त्री १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कोणाला दिसलेली नाही, आणि तिचे अवशेष सापडलेले नाहीत. मँचेस्टरहून गेलेल्या त्या दुसऱ्या आईचेही नाहीत. या दोघींची नावे आहेत आणि कबर नाही. न्यू हॅम्पशायरच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याविषयी लोकांकडे माहिती मागितली आहे.