अनोळखी माणूस आणि करुणेचा प्रश्न

आप्ताविषयीची माया आणि शत्रूविषयीचा द्वेष यांची मीमांसा धर्मग्रंथांनी भरपूर केली आहे. परंतु ज्याच्याविषयी प्रेमही नाही आणि वैरही नाही, अशा वाटेत क्षणभर भेटणाऱ्या माणसाशी कोणते नाते असू शकते, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. पाचव्या शतकातील बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मैत्रीभावनेचा, म्हणजे इतरांचे हित चिंतण्याच्या ध्यानाचा, जो क्रम सांगितला आहे, त्यात अशा माणसाला ‘मज्झत्त’, अर्थात तटस्थ, ही संज्ञा आहे; साधकाने आरंभ स्वतःपासून करून आदरणीय व प्रिय व्यक्तींकडे वळावे आणि मज्झत्ताकडे त्यानंतरच जावे, कारण त्याला एकदम प्रियाच्या जागी बसवू पाहणारे मन थकून जाते, असे तो बजावतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद असा विस्तार झालेल्या महानगरात या इशाऱ्याची सत्यता विशेष पटते. मेट्रोच्या डब्यातील प्रत्येकाला प्रिय करू पाहणारा साधक राजीव चौक स्थानक येण्याआधीच हात टेकेल.

याच महानगरातील एका परंपरेने या अडचणीवर वेगळा तोडगा काढला आहे. पुरंदरच्या तहामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या मिर्झाराजे जयसिंगांच्या दिल्लीतील हवेलीत शिखांचे आठवे गुरू हरकिशन १६६४ मध्ये उतरले होते, आणि शहरातील साथीत त्यांनी तेथील विहिरीचे पाणी देऊन रुग्णांची सेवा केली, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. त्या जागी आज बंगला साहिब गुरुद्वारा आहे. तेथील लंगरात, म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या सामुदायिक भोजनात, येणाऱ्याने जोडाघरात पादत्राणे ठेवावीत, डोके झाकावे, जमिनीवरील लांब पट्टीवर मिळेल त्या शेजाऱ्याजवळ बसावे आणि ‘परशादा’, म्हणजे रोटी, दोन्ही हात पुढे करून घ्यावी, एवढीच अपेक्षा असते. वाढणाऱ्याच्या मनात प्रेम उमलले की नाही, याची चौकशी होत नाही. अनोळख्याला प्रिय करण्याचा खटाटोप टाळून त्याला, नावही न विचारता, पंगतीत फक्त जागा दिली जाते.

नाव न विचारण्याचे मोल या देशात अधिक आहे, कारण येथे नावामागोमाग जात येते. मराठी मंडळींत तर ‘आडनाव काय?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नातच पुढच्या वागणुकीचा अंदाज घेतला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील वास्तव्यात पूर्ण केलेल्या आणि १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम आणि मैत्री म्हणजे सर्व जीवांविषयीचे प्रेम, असा भेद करून केवळ करुणेवर न थांबण्याचा आग्रह धरला आहे. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, जातिभेद असेपर्यंत बंधुता कशी नांदणार, हा प्रश्नही त्यांनी मांडला होता. ही जोड महत्त्वाची आहे: अनोळख्याविषयीचा सद्भाव व्यक्तीच्या साधनेवर सोपवून भागत नाही, त्याला संस्थेचा आधार लागतो.

अर्थात संस्थाही सर्वसमर्थ नसते. नोव्हेंबर १९८४ मधील शीखविरोधी हिंसाचारात याच दिल्लीत पगडी ही ओळख पटताच अनोळख्यांनी अनोळख्यांचे जीव घेतले, आणि शतकानुशतकांची पंगत ते थांबवू शकली नाही. मात्र एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत रुग्णालयांत खाटा मिळेनाशा झाल्या तेव्हा, गाझियाबादच्या इंदिरापुरम येथील गुरुद्वाराने ‘ऑक्सिजन लंगर’ सुरू केला. तेथे मोटारीत बसलेल्या रुग्णांना रस्त्याकडेलाच सिलिंडरमधून श्वास पुरवला गेला. सेवा करणाऱ्याला त्या वेळी संसर्गाचा धोका होता, आणि रुग्ण पुन्हा कधी दिसेल याची शाश्वती नव्हती. परतफेडीची शक्यताच नसलेल्या या नात्याला अल्पजीवी म्हणता येईल, उथळ म्हणता येणार नाही.

देणाऱ्याच्या निनावीपणाचीही दखल घ्यावी लागते. रस्त्यावरील जखमीला उचलणाऱ्याला पोलीस आणि न्यायालयाच्या खेपांची धास्ती वाटते, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्याखालील नियमांनुसार अशा मदतकर्त्यावर आपले नाव व पत्ता सांगण्याची सक्ती कोणालाही करता येत नाही.